बेट फुललं ते साल

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पेन्सिल सुटली आणि हातात कोयता आला तो आलाच. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुकांकडे कानाडोळा करावा. चार माणसांत बोलायला माझी जीभ अजून रेटत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही बुरूड. कोल्हापुरात आमच्या गल्लीत दारोदार बांबू फोडल्याचा आवाज असायचा. बांबूतलं काही वाया जात नाही. हिरव्या सालीची बेळं, म्हणजे पातळ पट्ट्या, सुपाला जातात. आतला भाग पाटीला आणि करंडीला, शेंडे घेवड्याच्या मांडवाला, आणि उरलेली सालपटं चुलीत. जन्मलेलं मूल आमच्या सुपात निजतं आणि मेलेलं माणूस आमच्याच बांबूवरून जातं. असा जिन्नस दगा देईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. सासरे वारले होते. बांबू निवडायचं काम तेच करायचे, ते आता मालकांवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर आलं. बाजारातल्या एका बागवानाने आंब्याच्या करंड्यांसाठी आम्हाला मोठी उचल दिली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत. आमच्या धंद्यात आधी पैसे, मग बांबू, मग माल. उचल माल देऊन फिटली नाही, तर बाजारात नाव जातं आणि पुन्हा कुणी एक रुपया हातावर ठेवत नाही.

माघात आम्ही दोघं एस.टी.ने गगनबावड्याच्या बाजूला गेलो. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून तोडीआधी बांबूच्या बेटाची पूजा करायला मी. तिथलं बेट बघून मी जागीच थबकले. बांबूला पानं जवळजवळ नव्हती. शेंड्यापासून खालपर्यंत नुसत्या लोंब्या लोंबत होत्या, भाताच्या असतात तशा. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेतकरी म्हणाला, "आमीबी पयल्यांदाच बघतोय, पावणं. देवाचीच करणी म्हणायची."

आमच्यात एक रीत आहे. यंदाचा कोंब तोडायचा नाही, तो बेटाचा वंश. मालक कोंब राखायचे म्हणून बेटाभोवती फिरले, तर एकही कोंब नव्हता. त्यांना आनंदच झाला.

"राखायचं काय न्हाईच की! सगळंच्या सगळं तोडायचं," ते मला म्हणाले. "बाबा असते तर नाचलं असते."

मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. उचलीचे सगळे पैसे मालकांनी तिथंच मोजले.

ट्रक आला, दारात ढीग पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला बांबू घेतला. चांगला बांबू कोयत्यापुढे लांब चर्रर्र करत उलगडत जातो. दोन फाका होईपर्यंत हा ठीक चालला. बारीक करायला घेतला आणि कट्! हातातल्या हातात तुकडा पडला.

सासूबाई आतून ओरडल्या, "काय मोडलंस गं?"

"बेळ मोडलं, आत्याबाई."

"कोयता तिरका धरला असशील."

सरळ धरला. कट्. मालकांनी घेतला, कट्. शेजारची बाई आली, तिने पाण्यात भिजवून बघायला सांगितलं. पार फुगेपर्यंत भिजवले. तरी सुकल्या पापडासारखे मोडत होते. बघता बघता सगळी गल्ली दारात जमली. मालकांच्या तोंडाकडे माझ्याने बघवेना.

मग गल्लीतले सगळ्यांत म्हातारे आजोबा काठी टेकत आले. त्यांनी ढिगातली एक लोंबी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"आरं, ह्यो फुललाय की रं! माझ्या आज्यानं सांगितलं हुतं, बांबू जन्मात एकदा फुलतोय आणि फुलला की मरतोय. अख्खं बेट मरतंय. तुमी मढं इकत आणलंय."

मढं. त्या मढ्याला मी हळदकुंकू लावून आले होते. कोंब का नव्हते ते आता कळलं.

मालक तसेच उठून शेतकऱ्याकडे गेले. संध्याकाळी परतले ते न भांडताच. म्हणाले, डोंगराच्या त्या अंगाची सगळी बेटं पिवळी पडलीत. तो शेतकरीच बांधावर डोक्याला हात लावून बसलाय. आमचे पैसे त्याने आधीच मुलीच्या लग्नात घातले होते. त्याला काय बोलणार?

धक्के तिथंच संपले नाहीत. लोंब्यांतला दाणा अंगणात सांडला होता, त्याच्या वासाने उंदीर आले. दिवसाढवळ्या, मांजराएवढे. जुन्या बांबूच्या थोड्या करंड्या विणून माळ्यावर ठेवल्या होत्या, त्यांनी त्याही कुरतडल्या. सासूबाई मात्र दाणा झाडून, पाखडून घेत होत्या. एक दिवस त्यांनी तो शिजवून ताटात वाढला. भातासारखा लागला. मी घास तोंडात तसाच धरून बसले. मेलेल्या बेटाचा भात!

"गिळ की," सासूबाई म्हणाल्या. "पैसं मोजलेत त्येचं."

फाल्गुनात चाचा दारात उभे राहिले. मालक कामाच्या शोधात कागलला गेलेले, सासूबाई दवाखान्यात. घरात मी एकटी. परक्या माणसाशी मी तोवर उंबऱ्यावरून कधी बोलले नव्हते.

"बेटी, करंड्या कुठं हायत?"

मी एक फाक घेतली, त्यांच्यापुढे कोयता लावला आणि बेळ काढायला गेले. कट्. दुसरी घेतली. कट्. चाचांनी कोयता माझ्या हातातून घेतला, स्वतः करून बघितलं आणि डोळे विस्फारले.

"या अल्ला! सगळाच असला?"

मी मान हलवली. चाचा चांगले जाडजूड होते. दमले आणि त्या ढिगावरच बसले. मी मनात म्हटलं, आता हाडं मोडली. पण ढीग साधा करकरलासुद्धा नाही. त्यांनी बसल्या बसल्या दोनदा अंग हलवून बघितलं.

"मी बसलो तर मोडत न्हाय. मग माझं आंबं बसलं तर मोडंल व्हय?"

मला काही उमजेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांची आंबे पिकवायची अढी जमिनीवर असायची, खालची फळं ओलीने सडायची. बांबूच्या अर्ध्या फाका शेजारी शेजारी बांधून उंच माच केले, तर खालून वारं लागेल. त्याला बेळ काढावं लागत नाही, विणावं लागत नाही.

"पण पैसा सोडणार न्हाय हां, बेटी," उठताना ते म्हणाले. "माच झालं की तेवढं उचलीतनं वजा. बाकीचं नगद. धंदा म्हणजे धंदा."

मालक परत आल्यावर मी हे सांगितलं, तर त्यांना आधी खरंच वाटेना. "तू बोललीस? चाचांशी?" पैशापेक्षा त्यांना त्याचाच धक्का बसला.

त्या मढ्याचे माच झाले. चाचांच्या खोल्यांत ते मालकांनी स्वतः बांधून दिले आणि उचलीतला निम्म्याहून कमी भाग फिटला. बाकीचं राहिलं. त्यात दुष्काळ आला, सुपं कोण घेणार, पाखडायलाच काही नव्हतं. फुललेल्या बांबूनेच दुष्काळ आणला असं लोक म्हणत, आणि आमच्या दाराकडे बघत. मालक हुपरीला मजुरीला जात. मी गल्लीतल्या दुसऱ्यांचा बांबू फोडून देई, दोन आणे, चार आणे. जमेल तसं मालक चाचांना नेऊन देत. त्या काळात बाजारातल्या दुसऱ्या कुणीही आम्हाला उचल दिली नाही.

दुष्काळ सरल्यावरच्या दिवाळीत शेवटचे पैसे जमले. मालक तापाने पडले होते. म्हणाले, "तूच जा." आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी फळबाजारात शिरले. गर्दीत पदर सारखा डोक्यावर ओढत होते. चाचा कुणाशी तरी बोलत होते. मी रुमालाची गाठ सोडून पैसे पुढे ठेवले. त्यांनी न बघताच ते गल्ल्यात टाकायला हात पुढे केला.

"मोजा!"

एवढा मोठा आवाज माझाच, हे मला क्षणभर कळलंच नाही. आजूबाजूचे व्यापारी वळून बघायला लागले. चाचाही दचकले. मग त्यांनी नोटा बोटाला थुंकी लावून एकेक मोजल्या, चिल्लर रचली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पुरं हाय, बेटी. फिटलं सगळं."