विहिरीची शिट्टी

बायको गेली तवापासून आमच्या आंगणातल्या विहिरीत कोणी बादली सोडली नाही. नळ आहे, कायले सोडतील? मंग पोरगा म्हणाला, बुजवून टाकू, कापसाची गाडी तरी उभी राहील. विहीर मेली आहे, नुसतं पावसाचं साचलेलं पाणी आहे, असं त्याचं म्हणणं. बायको मात्र जन्मभर सांगायची, उगवतीच्या बाजूनं जिता झरा आहे. मी दोरी सोडून मोजलं, पाणी चढते म्हणून दाखवलं. तर पोरगा म्हणते, "बाबा, तुमी माप घेता का आईची बाजू घेता?"

बाजू तर घेतच होतो. पण झरा होता ना.

सून शिकलेली, घरी कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरते. तिनं सांगितलं की माइकची पिन जिथं घालतात तिथून आवाजच काय, दुसरंही मापता येते. कॉम्प्युटर रेघ काढत राहते आणि त्याले कोणाची बाजू नाही. मी चौथी शिकलो, पण लग्नाकार्यात भोंगे लावण्यातच जिंदगी गेली. तारा जोडणं मले येते. पाण्यावर रिकामा डब्बा सोडला. त्याची दोरी, बायको जिच्यावरून पाणी ओढायची त्या गडगडीवरून सायकलच्या रिंगेवर घेतली, दुसऱ्या टोकाले दगड बांधला. रिंगेच्या मधात जुन्या भोंग्याच्या मशीनचं व्हॉल्यूमचं बटण बसवलं. पाणी चढलं का डब्बा चढते, रिंग फिरते, बटण फिरते. त्याले एक सेल जोडला आणि तार कॉम्प्युटरात घातली. मोटर लावून विहीर उपसली, मोटर बंद केली आणि रेघ पाहत बसलो.

रेघ दिवसभर सपाट. दवाखान्यात बायकोच्या उशाशी शेवटी पाहिली होती, तशीच.

संध्याकाळी पोरानं येऊन पाहिलं आणि परवासाठी मुरमाचा ट्रॅक्टर सांगून टाकला.

मी चिडून रिंग हातानं फिरवली. रेघ टुणकन उडाली. रिंग तशीच धरून ठेवली तर रेघ हळूहळू खाली येऊन झोपली. पुन्हा फिरवली, पुन्हा उडाली, पुन्हा झोपली. मी सुनेले बोलावलं. तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणे, हे आवाजासाठी बनवलेलं आहे मामाजी, जे थरथरते तेवढंच आत घेते, हळू चालणारं दारातच अडवते. आणि विहिरीतलं पाणी तर मुंगीच्या चालीनं चढते.

माह्या डोक्यात उजेड पडला. रेकॉर्डच लावली नाही तर व्हॉल्यूम कितीही फिरवा, भोंगा काय वाजणार?

"पोरी, याले एकसारखी शिट्टी वाजवता येते का?"

"येते ना."

"मंग सेल काढून फेक. याचीच शिट्टी याच्याच कानात घाल, माह्या बटणातून. पाणी चढलं का शिट्टी मोठी होईल."

ती पळतच तार आणायले गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विहीर उपसली. आता पडद्यावर रेघ नव्हती, शिट्टीची बारीक पट्टी होती, सुतळीएवढी. ऊन चढलं तशी ती बोटाएवढी झाली. मी विहिरीवर जाऊ, घरात येऊ, पुन्हा विहिरीवर. सून म्हणे, मामाजी, बसा नाहीतर तुमच्याच धडधडीची पट्टी जाड होईल. पण बसवते कोणाले? दुपार कलली तर पट्टी मनगटाएवढी. भर वैशाखात!

पोरगा आला. पट्टी पाहिली. मोटर बंद आहे का, ते स्वतः जाऊन पाहून आला. विहिरीत वाकून उगवतीच्या बाजूले बराच वेळ पाहत राहिला. मंग फोन काढून ट्रॅक्टरवाल्याले म्हणाला, "मुरूम नको आणू. विहीर चालू आहे."

मी कोपऱ्यात पडलेली तिची बादली उचलली, झटकली आणि विहिरीत सोडली.

घरातून सून ओरडली, "मामाजी, काय केलं? पट्टी हलली."

"काही नाही," मी म्हणलं. "तुह्या सासूची बादली सोडली."