पट्ट्याची कर्दळ

हे मी सुलभाला सांगितलेलं नाही, म्हणजे कुणालाच नाही. सुलभा माझी बायको. तुमच्यापाशी जीभ वळते आहे — तीही अडखळतच.

धारगळच्या आमच्या परसात ती अकरा वर्षं कर्दळींचे संकर करत होती. सकाळी पिवळ्याचे पराग तांबड्याला लावायचे, खुणेचा दोरा बांधायचा, बी धरायची वाट पाहायची. मी शेतीखात्यात जन्म काढलेला माणूस. पाहुण्यांसमोर हसायचो, हिचा पोरखेळ म्हणून. मग एका वर्षी फूल आलं — अर्धी पाकळी पिवळी, अर्धी तांबडी, सुरीने कापल्यासारखी. पेडण्याहून माणसं बघायला येऊ लागली. सगळं तिलाच विचारायची. आणि मला? मला ती चहा टाकायला सांगायची.

असलं झाड मधूनच मूळ रंगावर जातं. एखादा कोंब निव्वळ तांबडा येतो, आणि तो काढला नाही तर पट्ट्याच्या, म्हणजे दोन रंगांच्या, कोंबाला जगू देत नाही. त्याच वर्षी तिचा पाय मोडला. खाटेवरून सांगायची, "तांबडी येतली ती काडून उडय, पट्ट्याची तेवडी राख."

मी काय केलं? — पट्ट्याचे गड्डे उपटले. तांबडे ठेवले. चुकून नव्हे. विहिरीमागे टाकून वर सुक्या पानांचा पातेरा लोटला, हात धुतले आणि तिला पेज नेऊन दिली.

दीड महिन्याने ती काठी टेकत परसात आली. सगळा वाफा तांबडा. काठीने पानं बाजूला सारत एकेक फूल बघत गेली. "माजीच चूक झाली काय?"

मी म्हटलं, संकराच्या झाडाचं काही खरं नसतं. खात्यातल्या माणसाचा शब्द — तिने मानला. दोरा शिवणाच्या डब्यात परत गेला तो गेलाच. ती तांबडी फुलं रोज देवाला वाहू लागली, आणि मी त्याच देवासमोर हात जोडत होतो. लाज वाटायची का? वाटायची. पण माझ्या लाजेने तिचं काय भलं होणार होतं?

गेल्या आठवड्यात त्याच वाफ्यात पट्ट्याचं फूल उमललं. एखादी मुळी मातीत राहिली असणार. मला इतका आनंद झाला — खरंच झाला — की हातातली बादली तशीच धरून तिला हाक मारली. ती आली, वाकली, बोटाने पाकळी उलटून पाहिली. मग झाड गड्ड्यासकट उपटलं.

"हेंय माका फसयतलें," म्हणाली — हेही फसवणार, आधीच्यासारखंच.

तिने ते माझ्या बादलीत टाकलं. मी ते विहिरीमागे नेऊन ओतलं.