दाब, धर, सोड

ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबणारं, दुसरं गाडीखाली आडवं होऊन चाकामागचा स्क्रू सैल करणारं आणि पुन्हा आवळणारं. बाकी सगळं एकट्याला जमतं. इंजिन साखळीवर उतरवता येतं, पत्रा ठोकून सरळ करता येतो. दारसुद्धा बसवता येतं, खाली विटा रचल्या तर. एल्बियो तेचेरानं चार जुन्या गाड्या अशाच एकट्यानं उभ्या केल्या. ब्रेकची हवा मात्र त्यानं एकट्यानं कधीच काढली नाही. त्या कामाला त्याची बायको नेलिदा असायची.

हुआन लाकासे गावातल्या लोकरीच्या गिरणीत तो फिटर होता. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरीचे लोक मासेमारीला लागले, काही नदीपलीकडे ब्वेनोस आयरेसला गेले. एल्बियो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि तिथलाच झाला. फोर्ड त्याला एका शेतावर सापडली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या आणि मागच्या सीटवर अंडी मिळायची. शेवरोलेचा ट्रक खाऱ्या वाऱ्यात चाळणी झालेला होता. बारकी फियात चार पोत्यांतून आली. शेवटची ऑस्टिन, चोपन्न सालची. गावातले लोक असल्या गाड्यांना ‘काचिला’ म्हणतात, खटारा म्हणावं तसं, पण लाडानं. एल्बियोला तो शब्द खपायचा नाही. ज्या गाडीत ट्रॅक्टरचं इंजिन आणि बोटीचा रेडिएटर घुसवलाय ती काचिला. त्याच्या गाड्यांना लागणारा नट मिळाला नाही, तर तो लेथवर बसून तसाच नट करायचा. वेळ लागायचा. लागू दे.

ऑस्टिनचा रंग नेलिदानं निवडला होता. एल्बियो म्हणाला, “उकडलेल्या बटाट्यासारखा दिसेल.” ती म्हणाली, “साईसारखा दिसेल.” साईसारखाच दिसला. तेव्हापासून ती गाडी तिची.

हवा काढायची वेळ आली की तो गाडीखालून चाकाच्या रिंगवर पाना दोनदा वाजवायचा. टण टण. नेलिदा हात पुसत यायची, आत बसायची. तो म्हणायचा, “दाब.” ती म्हणायची, “दाबलं.” “धर.” “धरलंय.” तो स्क्रू सैल करायचा, स्क्रूला लावलेल्या नळीतून बरणीतल्या तेलात बुडबुडे यायचे, पेडल तिच्या पायाखाली खोल जायचं. स्क्रू आवळून झाला की, “सोड.” “सोडलं.” स्क्रू आवळायच्या आत पेडल सोडलं तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात. नेलिदानं असं एकदाही केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. त्यानंतर शेडमधून फक्त फोर्ड बाहेर पडायची, कारण तिचे ब्रेक सळ्यांवर चालतात, त्यांना तेल लागत नाही. बाकीच्या तिघी ठोकळ्यांवर होत्या. ऑस्टिनच्या ब्रेकचे सिलिंडर त्यानं नवे रबर घालून बसवले, पाइप नवे ओढले, तेल भरलं. तिथे काम थांबलं. आणि ऑक्टोबरचा दुसरा रविवार जवळ आला.

त्या रविवारी आसपासच्या गावांतल्या जुन्या गाड्या चौकात जमतात आणि रांगेनं कोलोनियाला जातात. नेलिदा दरवर्षी ऑस्टिनमध्ये बसून जायची. मांडीवर गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाचा, तिथल्या कडू हिरव्या चहाचा, प्याला. ऑस्टिन यंदाही न्यायची, एवढं एल्बियोनं मनाशी ठरवलं होतं. का, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

मंगळवारी एबेर सिल्वेइरा आला. गाड्यांच्या मंडळाचं तोच बघतो. त्याच्या बुइकमध्ये डिझेलचं इंजिन आहे आणि त्याला त्याची लाजही नाही.

“ऑस्टिन येणार का?” त्यानं विचारलं.

“बघू.”

“काय अडलंय?”

“ब्रेकची हवा.”

“एवढंच? ये, मी दाबतो पेडल. पाच मिनिटांचं काम.”

“पाच मिनिटांत तू करतोस. म्हणून तुझी बुइक मागच्या वर्षी बेकरीत शिरली.”

“बेकरीत नाही, दारापर्यंतच,” एबेर म्हणाला. “आणि बाईनं गरम पाव दिला. अरे, पेडल म्हणजे पेडल. त्याला काय शिक्षण लागतं?”

“तुझा पाय ट्रॅक्टरचा आहे.”

एबेर हसत निघून गेला. एल्बियोनं मग एकट्यानं करून पाहिलं. पेडल आणि सीट यांच्यामध्ये काठी ठोकून बसवली, खाली गेला, स्क्रू उघडला. काठी निसटली. रबरी नळीचं टोक तेलात बुडवून ठेवायची युक्तीही केली. तीत पेडल आपलं आपण मारता येतं, आणि कुणाकुणाचं भागतंही. पण भागणं वेगळं आणि होणं वेगळं. शेवटी पेडल दाबून पाहिलं, तर पावात बोट रुतावं तसा पाय आत गेला. असल्या ब्रेकवर तो गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेणार नव्हता.

पुन्हा गाडीखाली गेला. हातात पाना होता. विचार न करता त्यानं रिंगवर वाजवला. टण टण.

शेजारचा कुत्रा भुंकला. एल्बियो बराच वेळ तसाच आडवा राहिला. वर ऑस्टिनचं पोट, स्वच्छ घासलेलं. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गुरुवारी इर्मा आली. नेलिदाची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहते. कापडात बांधलेलं भांडं तिच्या हातात होतं, रश्श्यातले कापेलेती, सारण भरलेल्या कणकेच्या छोट्या टोप्या. ती शेडमध्ये कधी येत नसे. भांडं स्वयंपाकघरात ठेवून निघून जायची. आज घरात कोणी दिसेना म्हणून मागे आली.

“हे काय चाललंय?”

“काही नाही.”

“काही नाही करायला काठी लागते होय?”

एल्बियोनं काठी बाजूला ठेवली. सांगावं लागलं. मागणं त्याला येत नव्हतं, म्हणून त्यानं ब्रेक कसा चालतो ते सांगितलं. तेल, पाइप, हवा, स्क्रू. इर्मानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे कुणीतरी पेडल दाबायला हवंय.”

“हं.”

“मग तेवढंच सांग की, बाबा.” तिनं चपला काढल्या आणि आत बसली.

मागचं उजवं चाक आधी, सगळ्यात लांबचं. तो म्हणाला, “दाब.” तिनं दाबलं. “धर.” त्यानं स्क्रू सैल केला, आणि पेडल खाली जाताच दचकून तिनं पाय काढला. बरणीतलं तेल नळीतून उलटं धावलं.

“सोड म्हणालो का मी?” तो खालून ओरडला. “म्हणालो का? कान कुठे ठेवलेत? नेलिदानं इतक्या वर्षांत—”

वरून इर्माचा आवाज आला, रागाचा नव्हता.

“माझ्यावर ओरड. पण तिचं नाव घेऊन नको. तुला माहितीय ती मला काय म्हणायची? म्हणायची, तो दिवसभर त्याच्या लोखंडाशी असतो. पण पाना वाजला ना, की मी पळतच जाते. माझ्याशी तीन शब्द बोलतो तो तेव्हा. दाब, धर, सोड.”

एल्बियोच्या हातात पाना होता. स्क्रू उघडा होता आणि तेल थेंब थेंब फरशीवर पडत होतं. तसं पडू देणारा माणूस तो नव्हता.

“हसून सांगायची की रडून?” त्यानं विचारलं.

“हसून. म्हणून तर मला तुझा राग यायचा. एकदा तिचे आभार तरी मानलेस का रे?”

“आभार म्हणालो असतो तर तिला वाटलं असतं, येर्बा पुरे झाली. पुढचा प्याला भरला नसता.”

हसायचं नसतानाही इर्माला हसू आलं. इथल्या माणसाला त्यात समजावण्यासारखं काही नाही. प्याला परत देताना आभार म्हटलं, म्हणजे आता बास. आणखी हवा असेल तर गप्प राहून प्याला पुढे करायचा. एल्बियो आयुष्यभर गप्प राहून प्याला पुढे करत आला होता.

त्यानं स्क्रू आवळला. फरशी पुसली. मग म्हणाला, “पेडल खाली जातं, तेव्हा भ्यायचं नाही. जाऊ द्यायचं. दाब.”

“दाबलं,” इर्मा म्हणाली. कुणी शिकवलं नव्हतं.

“धर.”

“धरलंय, धरलंय.”

चारही चाकं झाली. मागची दोन त्यानं दुसऱ्यांदा केली, गरज नसताना. शेवटी आत बसून पाय ठेवला, तर पेडल दगडासारखं. इर्मानं तोवर स्वयंपाकघरातून थर्मास आणला होता. स्टुलावर बसून तिनं येर्बा भरली, पहिला प्याला स्वतः प्यायली, दुसरा त्याला दिला. त्यानं सावकाश ओढला, प्याल्यातली ओढायची नळी खळखळेपर्यंत. एक शब्द बोलायचा राहिला होता. तो त्याला आजच बोलायचा होता.

“आभार,” तो म्हणाला आणि प्याला परत दिला.

“एवढ्यातच बास?” इर्मा म्हणाली. “बरं.” तिनं थर्मासचं झाकण लावलं, चपला घातल्या, रिकामं भांडं पुढच्या वेळी नेईन म्हणाली आणि गेली. एल्बियो प्याल्याकडे बघत उभा राहिला. तो सबंध आयुष्यात हा शब्द पहिल्यांदा खरा बोलला होता. रागावायचं कुणावर, हे त्याला कळेना. नंतर त्यानं अवजारं पुसून जागेवर लावली.

रविवारी ऑस्टिन गल्लीतून निघाली. इर्मा फाटकाशी अंगण झाडत होती. त्यानं ब्रेक दाबला. गाडी एका बाजूला ओढली गेली नाही की किंचाळली नाही. तिच्या फाटकासमोर सरळ उभी राहिली.

“थांबली,” इर्मा म्हणाली.

“थांबणारच.” तो काचेतून समोर बघत राहिला. “गुरुवारी मी आभार म्हणालो, ते येर्बाचं नव्हतं.”

“मग कशाचं?”

“पेडलचं.”

इर्मानं झाडू भिंतीला टेकवला. “आधी सांगायचंस. आणखी एक भरला असता.”

“चल कोलोनियाला. जागा आहे.”

तिनं शेजारच्या सीटकडे पाहिलं, साई रंगाच्या दाराकडे पाहिलं. “ती जागा तिची आहे, एल्बियो. पेडल लागेल तेव्हा दाबीन. शेजारी नाही बसणार. आणि हाक मारायची. पाना वाजवलास तर मी येणार नाही, सांगून ठेवते.”

“बरं,” तो म्हणाला.

चौकात एबेरनं हॉर्न वाजवून त्याला रांगेत घेतलं. गावाबाहेर पुलाच्या अलीकडे उतार आहे. पुढची बुइक धूर सोडत मंदावली. एल्बियोनं पेडलवर पाय ठेवला, ओठ आपसूक हलले. दाब. धर. पूल गेला. सोड.

शेजारून उत्तर आलं नाही. त्यानं गियर टाकला.