झोपलेल्याला साडी नेसवायची रीत

बायबलच्या काळातील दफनविधी या विषयावर इंग्लंडात मराठीतून व्याख्यान देऊ शकेल असा माणूस बहुधा मी एकटाच असेन. हे मी अभिमानाने सांगतो, कारण या स्पर्धेत दुसऱ्या कोणी भाग घेतल्याचं ऐकिवात नाही. दिवसा मी मिल्टन कीन्सच्या एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतो. संध्याकाळी मात्र अब्राहामाने सारेला कोणत्या गुहेत ठेवलं, याकोबाने मिसर देशात मरताना मुलाकडून कसली शपथ घेतली, लाजराच्या तोंडाला रुमाल का बांधला होता, यात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. स्लाऊच्या आमच्या मराठी ख्रिस्ती फेलोशिपमध्ये मला 'कबरवाले जयंतराव' म्हणतात. तोंडावर नुसतं 'जयंतराव' म्हणतात, पण वाढदिवसाला बोलवायला कचरतात.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या आईची आहे. ती माझी व्हावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली, ते पुढे येईलच.

माझी आई सुप्रभा साळवे नगरला मिशनच्या शाळेत मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. मंडळीतली कुणी बाई वारली की पाळकांच्या आधी आईला निरोप यायचा. ती जाऊन पाणी तापवायला सांगायची, पुरुषांना खोलीबाहेर काढायची, दार लावून घ्यायची. दार उघडायचं तेव्हा आतली बाई न्हाऊन, वेणी घालून, पांढरी साडी नेसून अशी दिसायची की आता उपासनेला निघाल्यात असं वाटावं. सूर्य मावळायच्या आत माती व्हायची, पवित्र शास्त्रात व्हायची तशीच. लहानपणी मी विचारायचो, "आई, तू आत काय करत होतीस?" ती म्हणायची, "काही नाही रे, जरा त्यांचं आवरून दिलं."

वडील गेल्यावर ती आमच्याकडे मिल्टन कीन्सला आली आणि आमच्या घराचं वसतिगृह झालं. जेवायला वेळेत बसायचं, दिवे वेळेत घालवायचे, ओल्या केसांनी बाहेर जायचं नाही. माझी बायको निवेदिता आधी वैतागली, मग म्हणाली, "कुणीतरी तुला वळण लावतंय ते बरंच आहे." आई काठी घेऊन रेडवेवर, म्हणजे इथल्या लाल पायवाटांवर, फिरायला जायची, इथल्या कुत्र्यांशी मराठीत बोलायची आणि चौकाचौकातली सगळी राउंडअबाउट सारखी दिसतात म्हणून दर आठवड्याला एकदा तरी हरवायची. कुणीतरी इंग्रज तिला हाताला धरून घरी आणून सोडायचा. ती त्याला चहा पाजून, पाठीला पोक आहे असं खुणेने सांगून परत पाठवायची.

तिची इथली एकुलती एक मैत्रीण म्हणजे स्लाऊच्या मधुमतीबाई. दोघींचं फोनवर रोज भांडण व्हायचं. त्या हिवाळ्यात मधुमतीबाई गेल्या. आई सकाळी उठून विचारायची, "दिली का माती?" मी सांगायचो, अजून नाही, सर्टिफिकेट व्हायचंय, सिमेट्रीचा स्लॉट मिळायचाय. असे काही आठवडे गेले. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे मरण लगेच मिळतं, मातीला नंबर लावायचा."

उपासनेच्या आधी पेटी थोडा वेळ उघडी ठेवली होती. आई काठी टेकत पुढे गेली आणि थबकली. मधुमतीबाईंचा पदर उजव्या खांद्यावर होता, निऱ्या कुठल्या कुठे गेल्या होत्या आणि सगळं सेफ्टी पिनांनी धरून ठेवलेलं होतं. फ्युनरल होमच्या लोकांचा दोष नव्हता. जन्मात साडीला हात न लावलेल्या कुणीतरी, एखादा व्हिडिओ बघून, मनापासून केलेलं काम होतं ते. आईने पदर सारखा करायला हात घातला, तर काळ्या सुटातल्या माणसाने तो हळूच बाजूला केला. "बेटर नॉट, माय लव्ह," तो म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला.

घरी परतताना मोटरवेभर आई पाट्या वाचत होती. राउंडअबाउट सुरू झाल्यावर म्हणाली, "जयंता, माझं कोण करणार?"

मी म्हणालो, "आई, असलं काही बोलू नकोस गं."

दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर शिकल्यासवरल्या माणसाने जे करावं तेच मी केलं. मी विषयाचा अभ्यास सुरू केला. अब्राहाम परक्या मुलखात उपरा होता तरी त्याने बायकोच्या कबरीसाठी फुकटची जागा घेतली नाही, रीतसर विकत घेतली, हे मी तिला सांगितलं. योसेफाची हाडं त्याच्या लोकांनी पिढ्यांनंतर मायदेशी नेली, हेही सांगितलं. मग कौन्सिलची सिमेट्री बरी की नगरला बाबांच्या शेजारची जागा बरी, यावर दोन्ही बाजूंनी बोललो. तिने विचारलं होतं कोण, आणि मी उत्तर देत होतो कुठे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "छान. आता माझं कोण करणार ते सांग." मग मला ऑफिसचा कॉल यायचा. कॉल नसला तरी यायचा.

खरं म्हणजे मला भीती वाटत होती. एकदा उत्तर दिलं की ती जाणार, असं काहीसं माझ्या डोक्यात बसलं होतं. सारेला जाऊन हजारो वर्षं झाली आहेत, तिच्याविषयी बोलणं सोपं जातं.

अभ्यास एवढा साचला की फेलोशिपचा सेक्रेटरी मिलिंदने मला ईस्टरच्या आदल्या शनिवारी स्लाऊच्या हॉलमध्ये बोलायला बोलावलं. मी स्लाइड्स केल्या. देह धुणं, सुगंधी द्रव्यं, तागाच्या पट्ट्या, घराण्याची गुहा, सगळं रंगीत. याकोबाने योसेफाकडे शेवटची दया मागितली, आणि मेलेला माणूस उपकार फेडू शकत नाही म्हणून त्याच्यावर केलेली दया सगळ्यांत खरी, ही स्लाइड मी दोनदा दाखवली, कारण तिचा फाँट छान आला होता. पहिल्या रांगेत बसलेल्या आईने तेवढ्या एकाच ठिकाणी मान हलवली.

मग प्रात्यक्षिक. प्रेत व्हायला कोणी पुढे येईना. शेवटी मीच टेबल टेनिसच्या टेबलावर आडवा झालो. ताग म्हणून मी दुकानातून पांढरी चादर आणली होती. ती कडेला इलॅस्टिक असलेली निघाली, त्यामुळे निवेदिता आणि लेस्टरहून सुट्टीला आलेली आमची मुलगी सिया मला गुंडाळायच्या आणि मी सुटा व्हायचो. शेवटी त्यांनी माझे हातपाय पट्ट्यांनी करकचून बांधले आणि हनुवटीखालून डोक्यावर रुमाल आवळला. वातावरणनिर्मितीसाठी मी ऑनलाइन मागवलेला गंधरस उशाशी निखाऱ्यावर ठेवला होता. इथेच वाढलेली सिया आपल्या इंग्लंडी मराठीत म्हणाली, "बाबा एकदम ऑथेंटिक दिसते." त्यावर हॉलचा फायर अलार्म वाजला.

आपल्या लोकांनी इंग्लंडात येऊन काय मिळवलं असेल तर ही शिस्त. मिलिंदने पिवळं जाकीट चढवलं. "एव्हरीबडी आउट! सामान घेऊ नका, कार पार्कमध्ये उभे राहा!" डबे जागेवर ठेवून, म्हाताऱ्यांना हात देत, एका ओळीत सगळा हॉल रिकामा झाला. निवेदिताला वाटलं मला सियाने सोडवलं असेल, सियाला वाटलं निवेदिताने. मिलिंदने बाहेर घाईत माणसं मोजली आणि सगळे आहेत म्हणाला. मेलेल्याला कोण मोजणार?

मला छत दिसत होतं आणि काठीचा आवाज येत होता. आईने थर्मासमधला चहा निखाऱ्यावर ओतला, खुर्ची ओढली आणि माझ्या डोक्याशी बसली.

"आग नाहीये," ती म्हणाली. "तुझाच धूर आहे. तुझा गंधरस म्हणजे आपला हिराबोळच की, तो जाळलास होय रे? तू झालास तेव्हा बाळंतपणात मला हाच दिला होता. माझ्या डब्यात आहे की. आणि हा कापडाच्या घडीत घालतात, जाळत नाहीत. तुझ्याच स्लाइडवर होतं."

मी रुमालातून "तू बाहेर जा" असं काहीतरी पुटपुटलो.

"गप पड. एकट्याला सोडत नसतात."

अलार्म केकाटत होता. तिला घाई नव्हती. "आता तुला कॉल यायचा नाही," ती म्हणाली. "मधुमतीचा पदर पाहिलास ना? माझी लग्नाची पांढरी साडी कपाटात आहे. परक्या हातची पिन मला नको. निवेदिता छान साडी नेसते, पण उभ्याने. झोपलेल्याला नेसवायची रीत वेगळी असते. ती मला येते, पण त्या दिवशी मी काही उठून सांगायला येणार नाही. म्हणून विचारत होते. माझं कोण करणार?"

तिने माझ्या हनुवटीची गाठ सोडली. "आता बोल."

माझ्या सगळ्या स्लाइड्स पसार झाल्या होत्या. हात बांधलेले असताना रडलं तर पाणी कानात जातं, हे कुठल्याही ग्रंथात नाही. मी म्हणालो, "आम्ही करू, आई."

"आम्ही म्हणजे कोण?" रेक्टरबाई म्हणाल्या.

"निवेदिता. सिया. मी."

"तू बाहेर थांबायचं. ते बायकांचं काम." मग तिने मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. "पण तू कामाचा आहेस. असाच पडून राहा. हे जमतं तुला."

तेव्हापासून सिया घरी आली की रविवारी दुपारी आमच्या बैठकीत माझं निधन व्हायचं. मी कार्पेटवर उताणा आणि आई खुर्चीत काठी घेऊन. आधी निऱ्या करून बाजूला ठेवायच्या. मग कुशीवर वळवून खालून साडी सरकवायची, दुसऱ्या कुशीवर वळवून ओढून घ्यायची. डोकं एकीने धरायचं, ते कधी लोंबू द्यायचं नाही. आणि प्रत्येक वेळी आधी सांगायचं, "आता वळवते हं." सियाने विचारलं, "पण आजी, त्यांना ऐकायला येत नाही ना?" आई म्हणाली, "तुला येतं ना?"

"आजी, बाबाचा पोट मध्ये येते," सिया कुरकुरायची.

"माझंही होतं असं समज," आई म्हणायची आणि मला काठीने ढोसायची. "जयंता, हसू नकोस. श्वास कमी घे."

एकदा पार्सलवाल्याने खिडकीतून पाहिलं. पांढऱ्या साडीतला मी, माझं डोकं मांडीवर घेतलेली बायको, आणि काठी उगारलेली म्हातारी. तो पार्सल दाराशी ठेवून सही न घेता निघून गेला.

कुठे, हा प्रश्न आईने एका वाक्यात मिटवला. "तुम्हाला यायला सोपं पडेल तिथे," ती म्हणाली, आणि योसेफाची हाडं मी गुपचूप मिटवून ठेवली.

पानं गळायला लागली तेव्हा ती झोपेतच गेली. फ्युनरल होमच्या बाईंना मी विचारलं, आमच्या घरच्या बायकांनी आवरलं तर चालेल का. माझं भाषण तयार होतं, पुराव्यांसकट. त्या बाई लगेच म्हणाल्या, "ऑफ कोर्स," आणि एक उबदार खोली उघडून दिली. नुसतं विचारायचं असतं, हे मला एवढ्या अभ्यासात कुठे सापडलं नव्हतं.

मी कॉरिडॉरमध्ये थांबलो, सांगितलं होतं तसा. खिशात, साडीच्या घडीत घालायला, आईच्या डब्यातला हिराबोळ होता. आत पाण्याचा आवाज झाला, मग "आता वळवते हं, आजी" असं ऐकू आलं. मग काहीच ऐकू येईना. दार उघडलं आणि सिया बाहेर आली. तिचे हात ओले होते.

"बाबा, मला येत नाही. मी तुझ्यासारखा जोर लावला आणि आजी एकदम... आजी काहीच नाही रे. तू किती जड होता. मला पुढचं काहीच आठवत नाही."

याकोबावर सांगण्यासारखं माझ्याकडे तासभराचं होतं. मी कोट काढला आणि कॉरिडॉरच्या कार्पेटवर उताणा झालो. डोळे मिटले. श्वास कमी केला.

 मग सिया गुडघ्यांवर बसली. "आता वळवते हं," ती म्हणाली. तिने मला डाव्या कुशीवर घेतलं, नसलेली साडी खालून सरकवली, उजव्या कुशीवर घेतलं, ओढली, निऱ्या बसवल्या, पदर डाव्या खांद्यावर आणला. चहाचा ट्रे घेऊन कुणीतरी आम्हाला वळसा घालून गेलं आणि "सॉरी" म्हणालं. सियाने नाक पुसलं. "आठवलं," म्हणाली, आणि आत गेली.

मी लगेच उठलो नाही. दाराच्या या बाजूने मला तेवढंच करता येत होतं. पाणी कानात जात होतं, आणि या वेळी तर माझे हात मोकळे होते.

मग आतून निवेदिताची हाक आली, "जयंत, आत ये. आईंचं आवरलंय."