भार्गवचे चौदा संघ

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या नीलकंठ हिशीकरांनी जुन्या सरकारी फायलींचे पुठ्ठे कापून बत्तीस पत्ते तयार केले. प्रत्येकावर स्केचपेनने ठसठशीत देवनागरीत एकेका अमेरिकन फुटबॉल संघाचं गाव लिहिलं. बफेलो, डेन्व्हर, डेट्रॉइट, ग्रीन बे. न्यूयॉर्कचे संघ दोन आणि लॉस एंजेलिसचेही दोन, म्हणून तिथे एक-दोन असे आकडे घातले. सोळा पत्त्यांच्या कडा लाल रंगवल्या, सोळांच्या निळ्या.

त्यांची बायको कुमुद दाराशी उभी राहून हे बघत होती.

"आपल्या पोट्ट्याले धड गिळता येत नाही, अन् तुम्ही पत्ते करून राहिले," ती म्हणाली.

"त्याच्यासाठीच करून राहिलो."

"आठ दिवसांनी डॉक्टर लोक बसतील. तेव्हा काय हे पत्ते दाखवसान?"

नीलकंठांनी पत्ते गोळा केले. त्यांच्या मनात तेच होतं.

हिशीकरांचं घराणं भोसल्यांच्या अमलात नागपूरहून इकडे आलं. नेमकं कधी ते घरात कुणाला ठाऊक नाही. विचारलं तर नीलकंठ "आम्ही इथलेच" म्हणून मोकळे होत. त्यांची सगळी नोकरी महानदीच्या काठी गेली. पस्तीस वर्षं नदीच्या पातळीचे आकडे घ्यायचे, वरच्या भागात पाऊस किती झाला ते बघायचं आणि उद्या पाणी कुठवर चढेल ते सांगायचं. त्यांच्या आकड्यावर खालच्या गावांना निरोप जात. हाताखालच्या नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी बजावत, "अंदाज करायचा, नवस करायचा नाही." माणूस कमी बोलणारा, पण कामाला चोख. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी त्यांना शाल दिली, तिची त्यांनी अजून घडीही मोडली नव्हती.

एकुलता एक मुलगा भार्गव शिकायला बफेलोला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. तिथल्या फुटबॉलचं त्याला वेड लागलं. अंडाकृती चेंडू, हातात घेऊन पळायचं, एकमेकांवर तुटून पडायचं. नीलकंठांना त्यात खेळ कुठे ते कधी दिसलं नाही. बत्तीस संघांचे दोन गट असतात आणि प्रत्येक गटातून सात संघ बाद फेरीत जातात. दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी भार्गव आणि त्याचे मित्र, एकूण आठ जण, ते चौदा संघ कोणते असतील याची यादी लिहून एकमेकांना पाठवत. भार्गव दोनदा पहिला आला होता. एका वर्षी त्याने फोन करून बापाला आपली यादी समजावून सांगितली. जवळजवळ तासभर. नीलकंठांनी फोन ताटाशेजारी ठेवला होता, समोर बातम्या चालू होत्या आणि मधूनमधून ते "हव, हव" म्हणत होते.

"बाबा, तुम्ही ऐकून नाही राहिले," भार्गव शेवटी म्हणाला होता.

"ऐकून राहिलो ना," नीलकंठ म्हणाले होते.

मागच्या वर्षी जानेवारीत बर्फावर भार्गवची गाडी घसरली आणि डोक्याला मार लागला. आठ महिने तो तिकडच्या इस्पितळात होता, मग त्याला रायपूरला आणलं. बत्तीस वर्षांचा मुलगा चाकाच्या खुर्चीत बसून समोर बघे, ते काही दिसत होतं म्हणून की नाही, कुणाला सांगता येत नव्हतं. उजवा हात आखडलेला, वाचा गेलेली. मार्चमध्ये नवा रायपूरच्या एका पुनर्वसन केंद्रात त्याला जागा मिळाली. नीलकंठ रोज सकाळी बस पकडत, बस जिथे सोडी तिथून पुढे त्या रुंद, ओसाड रस्त्यावरून अर्धा तास चालत आणि संध्याकाळपर्यंत मुलाजवळ बसत.

केंद्रात खाटा बारा आणि वाट बघणारे शंभर. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांचं मंडळ बसे आणि रुग्ण सांगितलेलं समजून करतो का ते बघे. तीनदा सांगून तीनदा केलं तर पुढचे सहा महिने. नाही तर घरी. भार्गवची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी होती. "हात उचल", "डोळे मीट", यातलं काहीही त्याने सहा महिन्यांत एकदाही केलं नव्हतं.

"अंकल, हात उठाओ बोलने से उसको क्या मतलब?" तिथली स्पीच थेरपिस्ट रीना एकदा म्हणाली. "जो उसको सच में पसंद था, वो बात करो."

त्याच आठवड्यात बफेलोहून चिरागचा फोन आला. तो मूळचा बिलासपूरचा, भार्गवबरोबर एका घरात राहिलेला. यंदाही याद्या मागवतोय, तो म्हणाला. भार्गवची जागा आम्ही कुणाला दिलेली नाही. पहिला सामना तुमच्या शुक्रवारी पहाटे आहे, त्याआधी कधीही पाठवा. त्याने भार्गवच्या वहीच्या पानांचे फोटोही पाठवले.

नीलकंठांनी ती पानं चष्मा पुसून पुसून वाचली. मागच्या वर्षी जे संघ थोडक्यात जिंकत राहिले ते यंदा घसरतील, असं एका पानावर होतं. चेंडू फेकणाऱ्याकडे सगळे बघतात, त्याला वाचवणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांकडे कुणी बघत नाही. त्यांतले किती जखमी आहेत ते आधी मोजा, असं दुसऱ्यावर. पानाच्या कडेला आकडे, खोडलेले, पुन्हा लिहिलेले. हे तर आपलंच काम, नीलकंठांच्या मनात आलं. पोरगा परक्या देशात बसून आपलंच काम करत होता आणि आपण बातम्या बघत होतो.

ते झपाटल्यासारखे अभ्यासाला लागले. बसमध्ये, केंद्राच्या बाकावर, जेवताना मोबाइलवर संघांची माहिती वाचायची आणि दिवसभर भार्गवच्या खुर्चीला जोडलेल्या फळीवर पत्ते मांडायचे. "भार्गव, पाह्य. बफेलो ठेवू का? ठेवायचं असंन तर बोट हलव." बोट हलत नव्हतं. पत्त्यांचा क्रम बदलून, आवाज चढवून, आवाज उतरवून, हातावर हात ठेवून त्यांनी विचारून पाहिलं. चार दिवस गेले.

रविवारी दुपारी ते थकले होते. लाल कडेच्या गटातले संघ मांडता मांडता मोजणी चुकली आणि साताऐवजी आठ पत्ते झाले. त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते निळे पत्ते काढायला पिशवीत वाकले आणि काहीतरी घासल्याचा आवाज आला. भार्गवचा डावा हात फळीवरून सरकत होता. हळूहळू, मध्येच थांबत, तो शेवटच्या पत्त्यापर्यंत गेला आणि त्याने पत्ता ढकलला. डेन्व्हर जमिनीवर पडलं.

नीलकंठांनी पत्ते मोजले. सात. पुन्हा मोजले. मग ते रीनाला शोधत धावले. रविवार होता, रीना नव्हती. नर्सला हाताला धरून आणलं, पुन्हा आठ पत्ते मांडले. हात जागचा हलला नाही.

घरी त्यांनी कुमुदला सांगितलं.

"हात आपोआप बी हलते," ती म्हणाली. "डॉक्टर बोलले नव्हते का?"

"आठवाच काहून पाडला मग?"

"मले काय माहीत? तुमच्या मनात आहे म्हणून तुम्हाले दिसून राहिलं."

सोमवारी नीलकंठांनी सकाळपासून तेच लावून धरलं. आठ पत्ते मांडायचे; भार्गवने आठवा हलवला नाही की गोळा करायचे, पुन्हा आठ. दुपारपर्यंत साठ-सत्तर वेळा झालं असेल. भार्गवची मान कलली, कपाळ घामाने डबडबलं, तरी ते थांबेनात. "एकदा, फक्त एकदा कर रे. बुधवारी काय सांगू मी त्यांना?" भार्गवच्या घशातून एक लांब, चिरका आवाज निघाला आणि त्याचं सगळं अंग ताठ झालं. नर्स धावली. झटका पाच मिनिटं टिकला.

मंगळवारी कुमुद सोबत आली आणि तिने पत्त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवली. नीलकंठ खुर्चीपासून लांब, खिडकीशी बसून राहिले. आपण मुलाला छळलं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

बुधवारी मंडळात तीन डॉक्टर होते. मधल्या बाई वयाने मोठ्या, चेहऱ्याने शांत. त्यांनी नेहमीच्या आज्ञा दिल्या. भार्गव समोर बघत राहिला. बाईंनी कागदावर काही लिहिलं. तेव्हा नीलकंठ उठून उभे राहिले.

"मॅडम, एक विनंती आहे. माझ्या पद्धतीने विचारू द्या."

कुमुदने त्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवी पुढे केली. आठ संघ मांडून नीलकंठांनी डॉक्टरांना नियम समजावला. त्यांच्या हिंदीत मराठी मिसळत होतं, तरी बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तीन बार," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा काही झालं नाही. दोन मिनिटं सगळे त्या हाताकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा नीलकंठ आठवा पत्ता ठेवून नुसते म्हणाले, "भार्गव, माझं काही चुकलं का?" डावा हात निघाला. मध्ये थांबला, पुन्हा निघाला आणि कडेचा पत्ता त्याने खाली पाडला. भिंतीशी उभ्या असलेल्या रीनाने तोंडावर हात धरला. तिसऱ्यांदा नीलकंठांनी तेच शब्द, त्याच आवाजात म्हटले. हात थोडा सरकला. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, शेजारच्या डॉक्टरांनी पाहिलं.

"एक बार हुआ है," बाई म्हणाल्या. "मैं लिखूँगी कि एक बार हुआ. लेकिन जगह के लिए तीन चाहिए."

"परवा थकला होता हो तो. माझ्यामुळे थकला. आठ दिवस द्या, चारच द्या." नीलकंठांनी हात जोडले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणापुढे हात जोडले नव्हते. "माझी चूक त्याच्या नावावर नका लिहू."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर बाकावर आणखी चार घरची माणसं आपापल्या माणसाला घेऊन बसली होती, ती उघड्या दारातून दिसत होती. नीलकंठांनी तिकडे पाहिलं आणि त्यांचे हात आपोआप खाली आले.

संध्याकाळी भार्गव घरी आला.

गुरुवारी दुपारी कुमुदने त्याला भरवलं, तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "त्या चिरागले यादी नाही पाठवायची का?"

"कशाले आता?"

"जागा ठेवली म्हणाला ना."

नीलकंठांनी पलंगाजवळ खुर्ची ओढली. या वेळी त्यांनी भार्गवला काही विचारलं नाही. एकेक संघ घेऊन ते त्याला का घेतला, का सोडला ते सांगत गेले. या संघाचे तीन धिप्पाड गडी दुखावले आहेत. हा मागच्या वर्षी नशिबावर तरला, तुझ्या वहीप्रमाणे घसरेल. बफेलोबद्दल मात्र माझं मन स्वच्छ नाही, तिथे माझा नवस आहे, ते तू समजून घे. मध्येच ते थांबले, पाणी प्यायले आणि पुढे बोलू लागले. सव्वा तास झाला. भार्गवचे डोळे उघडे होते. कुमुद पायाशी बसून ऐकत होती, तिने एकदाच विचारलं, "हे ग्रीन बे म्हणजे समुद्र आहे का?" नीलकंठांनाही ते माहीत नव्हतं. चौदा नावं चिरागला गेली, भार्गव हिशीकर या नावाने.

जानेवारीत निकाल लागला. चौदापैकी आठ बरोबर. आठ जणांत सहावा नंबर. चिरागने फोन करून सांगितलं तेव्हा नीलकंठ म्हणाले, "पहिल्या खेपेला ठीक आहे." मग फोन ठेवून ते परसात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

रीना दर रविवारी स्वतःच्या सुट्टीत घरी येऊ लागली होती. हात कधी हले, कधी आठ-आठ दिवस हलत नसे. झटके दोनदा आले. फेब्रुवारीत केंद्रात एक जागा रिकामी झाली. नीलकंठांनी अर्ज केला, रीनाने सोबत चिठ्ठी जोडली. जागा बीरगांवच्या एका मुलीला मिळाली. कारखान्यात उंचावरून पडली होती, वय बावीस, घरी धाकटी भावंडं.

"बरं झालं," नीलकंठ रीनाला म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ते जेवायला बसत आणि अर्ध्यावरून उठत. कुमुदने तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तरा, साबण आणि कोमट पाण्याची वाटी त्यांच्यासमोर आणून ठेवली.

"दाढी किती वाढली त्याची. मले नाही जमत."

ते उठले. भार्गवच्या गालांना फेस लावला, डावा गाल केला, उजवा केला. गळ्याशी आले तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे त्याची मान वर करायला दुसरा हात पुढे नेला. हात पोचायच्या आधीच भार्गवने हनुवटी वर उचलली.

नीलकंठ वस्तरा धरून तसेच उभे राहिले. कुमुद स्वयंपाकघरात होती. त्यांनी तिला हाक मारली नाही, आणि भार्गवला पुन्हा कर असंही म्हटलं नाही. हनुवटी वरच होती. मान थरथरायला लागली होती, तेव्हा ते घाईने, पण सांभाळून, त्याच्या गळ्यावरची दाढी करू लागले.