अर्डिथ कुबिचेक शिट्टी हाती घेते

रेफरीवर ओरडण्यात अर्डिथ कुबिचेकचा हात धरणारं नेब्रास्काच्या त्या वाळूटेकड्यांत कोणी नव्हतं. आठवडाभर ती टपालाची गाडी घेऊन शेताशेतावरच्या पेट्यांत पत्रं टाकत हिंडायची. शुक्रवार उजाडला की संध्याकाळी डनमोर शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये तिसऱ्या पायरीवर बसून रेफरीची सालटी काढायची. "चष्मा गाडीत राहिला का रे?" हे तिचं ठेवणीतलं वाक्य. नवरा लव्हर्न हॉलमध्ये मिळणाऱ्या चिलीची, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्शाची, वाटी घेऊन तिच्यापासून चार हात लांब बसायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "मी चिली खायला आलोय."

त्या ओरडण्यामागे एक जुनं दुखणं होतं. १९७१ साली तिची शाळा संपली तेव्हा मुलींना संघच नव्हता. मुलींनी कडेला उभं राहून मुलांसाठी गाणी म्हणायची, टाळ्या वाजवायच्या. मुलींचे सामने सुरू झाले ते त्यानंतर पाच वर्षांनी, आणि तोवर अर्डिथच्या कडेवर पोर आलं होतं.

हे सामने भरवायचं ड्राय फोर्क क्रीडामंडळ. १९३४ मध्ये, धुळीच्या वादळांच्या दिवसांत, अकरा शाळांनी मिळून ते काढलं होतं. लांब जायला कोणाकडेच पेट्रोल नव्हतं, म्हणून आसपासच्यांनी आपसातच खेळायचं ठरवलं. पुढे गावं आटली, काही शाळा बंद पडल्या, काही एकमेकींत मिसळल्या. अर्डिथ एकसष्टची झाली तेव्हा सहाच उरल्या होत्या. त्यात त्या हिवाळ्यात शिट्टी वाजवायला माणसंच मिळेनात. लागोपाठ दोन शुक्रवारचे सामने रद्द झाले, आणि दोन शाळा दूरच्या मोठ्या मंडळात जायची भाषा करू लागल्या.

मंडळाचे चिटणीस मर्लिन बोल्ट हे शाळेत शेतीचा विषय शिकवून निवृत्त झालेले. अर्ध्या तालुक्याला त्यांनी शिकवलं होतं. एका सकाळी ते टपाल कचेरीत येऊन उभे राहिले.

"तीन रेफरी गेले, अर्डिथ. एकाचे गुडघे, एकाचं हृदय."

"आणि तिसरा?"

"तिसरा तुझ्यामुळे."

अर्डिथने पत्रांचा गठ्ठा खाली ठेवला. "मी काय केलं त्याला?"

"तेरा वर्षं त्याला आंधळा म्हणालीस. आता कंटाळला बिचारा." मर्लिननी खिशातून एक पातळ पुस्तक काढून गठ्ठ्यावर ठेवलं. "नियम आहेत. पुढच्या महिन्यात परीक्षा."

"सर, मला नियम पाठ आहेत."

"मग तर बरंच झालं."

परीक्षेत ती सपशेल आपटली. पुस्तक उघडून लिहायची परवानगी होती, पण पाठच आहे म्हटल्यावर ते उघडतंय कोण? नापासाचा कागद घेऊन ती स्वयंपाकघरात बसली आणि पहिल्यांदाच नियम ओळीने वाचले. नुसता हात लांब केला म्हणून फाउल होत नाही. मागच्याने उंच उडी मारून चेंडू घेतला, तर तोही फाउल नाही. चाळीस वर्षं ती ज्यावरून घसा कोरडा करत होती, त्यातलं निम्मं पुस्तकात नव्हतंच.

"लव्हर्न, तुला माहीत होतं हे?"

"थोडंफार."

"मग बोलला का नाहीस?"

"चिली गार झाली असती," लव्हर्न म्हणाला.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. पहिला सामना सातवी-आठवीच्या मुलींचा, वेस्टफॉलला. तोंड इतकं कोरडं पडलं की शिट्टीतून नुसती फुंकर बाहेर आली, आणि मुली खेळतच राहिल्या. पण तिसऱ्या सामन्यापर्यंत आवाज नीट निघू लागला. डनमोरचे सामने मर्लिन तिला देत नसत. बाकी पाच गावं तिची.

फेब्रुवारीत रीडर आणि वेस्टफॉल या गावांच्या मोठ्या मुलींचा सामना होता. रीडर एका गुणाने मागे, चार सेकंद शिल्लक. रीडरच्या मुलीने कडेने धाव घेऊन चेंडू टोपलीत टाकला, आणि अर्डिथने शिट्टी मारली: पाय रेषेवर. गुण रद्द. रीडर हरलं. ट्रूडी श्लेगल नावाची रीडरची बाई हॉलच्या दारापर्यंत तिच्या मागे बोलत आली.

"पाहिलंस की मनानेच ठरवलंस?"

घरी लव्हर्नने फोनवर चित्रण दाखवलं. पाय रेषेच्या आत होता. चांगला बोटभर.

अर्डिथ रात्रभर जागी होती, आणि सकाळी तिचं ठरलं: शिट्टी मर्लिनना परत द्यायची. पण त्याआधी टपाल वाटायचं होतं, आणि ट्रूडीचं शेत तिच्याच वाटेवर. ट्रूडी पेटीपाशी हाताची घडी घालून उभीच होती.

अर्डिथने काच खाली केली. "पाय आत होता. माझं चुकलं. त्या पोरीलाही मी आज जाऊन सांगणार आहे."

ट्रूडीने घडी सोडून एक हात गाडीच्या दारावर टेकला. "मला वाटलं, तू म्हणशील माझं बरोबरच होतं. भांडायची सगळी तयारी केली होती मी."

"भांड ना. मला वेळ आहे."

"आता काय भांडू?" तिने पत्रं घेतली, पण गाडीच्या दारावरचा हात काढला नाही. "ती परीक्षा कितपत अवघड असते गं?"

"पुस्तक उघडलंस तर नाही."

अर्डिथ शाळेत जाऊन त्या मुलीला भेटली. मुलगी लाजली, म्हणाली, "फुकट मिळालेले दोन फ्री थ्रो मी चुकवले होते, त्याचं काय?" शिट्टी अर्डिथच्या खिशातच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात ट्रूडी रेफरी म्हणून आली. तिच्यामागून वेस्टफॉलचा गुरांचा डॉक्टर आणि रीडरच्या शाळेतली स्वयंपाकीणबाई. दोन वर्षांत नऊ जण झाले. एकही शुक्रवार रिकामा गेला नाही, आणि जायला निघालेल्या शाळांनी तो विषयच सोडून दिला. अर्डिथ आणि ट्रूडी जोडीने सामने चालवत. गाडीत जाता-येता चुका काढून एकमेकींना सोलून काढत.

एके वसंतात मर्लिननी सगळ्यांना कॅफेत बोलावलं. उत्तरेकडची एक शाळा मंडळात येऊ इच्छित होती. अठ्ठावन्न सालानंतर असं पहिल्यांदाच होत होतं. शाळा घ्यायची कशी, हे कोणालाच आठवेना. मर्लिननी जुनी फाइल चाळली, तर मंडळ सोडण्याचे अर्ज भरपूर होते, येण्याचा तो एकमेव अर्ज मात्र सापडेना. शेवटी त्यांनी कागदी रुमालावरच ठराव लिहिला आणि सह्यांसाठी टेबलावर फिरवला.

"किती लांब आहे हे गाव?" अर्डिथने विचारलं.

"सत्तर मैल."

"हिवाळ्यात रस्ता साफ करतात ना?"

"करतात म्हणे."

"मग पहिला सामना आम्हा दोघींना द्या," ती म्हणाली, आणि रुमाल ट्रूडीकडे सरकवला.