बारा मिनिटांवरची सोल्फ्रिड

ओडमुनने एकोणीस वर्षं बेर्लेवोगच्या विमानतळावर, विमानांवर नजर ठेवायच्या मनोऱ्यात काढली. नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला एकच धावपट्टी, दिवसाला चार-पाच छोटी विमानं. विमान उडालं की शेजारच्या बोट्सफ्योर्डच्या विमानतळाला फोन करून वेळ कळवायची. अंतर चाळीस किलोमीटर, बारा मिनिटांचा प्रवास. तिकडे फोन उचलायची सोल्फ्रिड.

"दहा वीसला निघालं. दहा बत्तीसला तुझ्याकडे."

"आज चक्क वेळेवर? बरा आहेस ना?"

कामाचं बोलून झालं की मिनिटभर असं काहीबाही चालायचं. तिचा दुखरा गुडघा, तिची मुलगी, त्याचं करपलेलं जेवण. ओडमुनने लग्न केलं नव्हतं. बऱ्याच दिवशी त्याचं तेवढंच बोलणं व्हायचं. दोघं कधी भेटले नाहीत. घाटातून गाडीने दीड तास लागे, पण मुद्दाम जायचं ते कशाला, असं त्याला वाटे.

मग दोन्ही मनोऱ्यांचं काम दूरच्या शहरात गेलं. तिथली माणसं कॅमेऱ्यातून धावपट्टी बघू लागली. शेवटच्या दिवशी सोल्फ्रिड म्हणाली, "चला तर मग, ओडमुन." तोही "चला" म्हणाला आणि फोन ठेवला. घरचा नंबर मागायचं त्याला सुचलंच नाही.

चार महिने गेले. फेब्रुवारीत त्याने नंबर शोधून काढला आणि फोन लावला.

"मंगळवारी येतोय," तो म्हणाला.

"घाट बर्फाने बंद आहे रे."

"विमानाने येतो."

ती विमानतळावर घ्यायला आली होती. त्याच्या मनात उंच, धिप्पाड बाई होती. समोर उभी होती ती त्याच्या खांद्याएवढीही नव्हती.

"मला वाटलं होतं तू जाडा असशील," ती म्हणाली.

तिने डब्यातून वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, आणि तपकिरी चीज काढलं. दोघं तिथेच, प्रवाशांच्या खोलीत समोरासमोर बसून खात राहिले. नजर कुठे ठेवावी हे त्याला समजेना. शेवटी तिनेच आपली खुर्ची खिडकीकडे फिरवली.

"तूही फिरव. बघ, बर्फ काढायची गाडी आली."

धावपट्टीकडे तोंड करून, एकमेकांकडे न बघता बसल्यावर बोलणं आपसूक सुरू झालं. तासभर चाललं. मग त्याने विचारलं, "उन्हाळ्यात येशील माझ्याकडे?"

सोल्फ्रिडने डब्याचं झाकण लावलं. "घर विकलंय मी. मे महिन्यात ट्रॉम्सोला जाते, मुलीकडे."

"इथून तिकडचं विमान वाटेत दोनदा उतरतं," तो म्हणाला. "अडीच तास."

"माहितीये मला."

परतीचं विमान लागलं. तिने उरलेले वाफल रुमालात बांधून त्याच्या हातात दिले आणि त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. बारा मिनिटं तो ते गाठोडं मांडीवर धरून बसला होता. खाली सगळं पांढरं होतं.

मे महिन्यात ती गेली. उन्हाळ्यात तिचे दोन फोन आले. मागे नातवंडांचा गोंगाट होता आणि तिला सारखं "काय म्हणालास?" असं विचारावं लागत होतं. मग नाताळला कार्ड आलं.

ओडमुनने वडिलांची बोट दुरुस्त करून पाण्यात उतरवली. रोज सकाळी एकटाच कॉड मासे धरायला जाऊ लागला. मासे नेहमीच एकट्याला लागतात त्याहून जास्त मिळत. उरलेले तो शेजाऱ्यांच्या पायरीवर ठेवायचा आणि कुणी दार उघडायच्या आत निघून जायचा.